तुरुंगावर देखरेख कोणाची?

ठाणे शहराच्या भर वस्तीत एक जुना तट उभा आहे. पोर्तुगीजांनी सन १७३० च्या सुमारास येथे किल्ला बांधावयास घेतला. १७३७ साली तो मराठ्यांच्या हाती आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो जिंकून घेतला. त्रिंबकजी डेंगळे ह्यांना इंग्रजांनी येथेच अटकेत ठेविले होते, आणि १८१६ साली ते येथूनच निसटले. पुढे ह्या किल्ल्याचा तुरुंग झाला. ता. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्या तिघा तरुणांना ह्याच तटाच्या आत फाशी देण्यात आले. आज त्याच जागी ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे.

ह्या तटाजवळून रोज हजारो माणसे जातात. आत काय चालते हे मात्र त्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. शाळा, इस्पितळ किंवा रस्ता ह्यांची व्यवस्था बिघडली तर नागरिकाला ती प्रत्यक्ष दिसते व तो तक्रार करतो. तुरुंगाची व्यवस्था बिघडली तर ती ज्याला भोगावी लागते त्याचा आवाज भिंतीबाहेर येत नाही, आणि बाहेरच्याची दृष्टी भिंतीच्या आत जात नाही. म्हणूनच लोकशाही राज्यात तुरुंगाच्या कारभारावर नजर ठेवण्याचे काम लोकप्रतिनिधींच्या समित्यांकडे आले. ह्या समित्या ते काम कसे करतात, त्यांचा हात कोठवर पोहोचतो व कोठे थांबतो, हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम प्रश्नाचा आकार ध्यानी घ्यावयास हवा. ठाण्याच्या कारागृहाची मंजूर क्षमता ११०५ बंद्यांची व कल्याणच्या आधारवाडी कारागृहाची ५४० बंद्यांची ठरविलेली होती. अलीकडच्या वर्षांत दोन्ही ठिकाणी ह्या संख्येच्या तिपटीच्या आसपास, व केव्हा केव्हा तिच्याहूनही अधिक, माणसे राहत आली आहेत. एका माणसाच्या जागेत तिघे असा ह्याचा अर्थ होतो. निजावयाची जागा, पाणी, शौचकूप, वैद्य आणि नातलगांच्या भेटीचा वेळ, ह्या सर्वांचे तीन वाटे होतात. साऱ्या देशाचा विचार केला तर २०२२ च्या अखेरीस ४,३६,२६६ बंद्यांच्या जागेत ५,७३,२२० बंदी होते, आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. ज्याचा खटला अद्याप चालावयाचा आहे व ज्याचा गुन्हा शाबीत झालेला नाही, तो कच्चा कैदी. कायद्याच्या दृष्टीने तो अद्याप निर्दोष असतो. दर चार बंद्यांपैकी तिघे असे आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरता कामा नये.

ह्या संख्येमागचा मनुष्य डोळ्यांपुढे यावा म्हणून एक उदाहरण कल्पावे. डोंबिवलीतील एका गोदामात हमाली करणारा, बाहेरगावाहून पोटासाठी आलेला एक इसम आहे. चोरीच्या आरोपावरून तो पकडला जातो. डोंबिवलीला स्वतःचे कारागृह नाही. कल्याणच्या न्यायालयापुढे उभे करून त्याची रवानगी आधारवाडीस होते. काही दिवसांनी न्यायाधीश जामीनही मंजूर करतात. परंतु जामीन राहावयास कोणी ओळखीचा नाही, आणि रक्कम भरावयास पैसा नाही. हुकूम झालेला आहे, तरी मनुष्य आतच आहे. दिल्लीत किंवा मुंबईत बसलेल्या एखाद्या समितीचा ह्या मनुष्याशी काही संबंध येतो काय? येत असेल तर तो कोणत्या वाटेने?

तुरुंगाची चौकशी लोकप्रतिनिधींनी करावी, ही कल्पना इंग्लंडात रुजली. लंडनच्या फ्लीट तुरुंगात ऋणकऱ्यांना कोंडून ठेवीत असत, आणि तेथील अधिकारी बंद्यांकडूनच पैसे उकळीत असत. ज्याला पैसा देता येत नसे त्याला रोगट खोलीत ढकलीत. रॉबर्ट कॅसल नावाचा एक ग्रंथकार तेथे देवी येऊन १७२८ साली मरण पावला. जेम्स ओगलथॉर्प हा त्याचा स्नेही पार्लमेंटाचा सभासद होता. त्याच्या पुढाकाराने कॉमन्स सभेने १७२९ साली एक समिती नेमली. समितीचे सभासद स्वतः तुरुंगात गेले, बंद्यांना प्रश्न विचारले, व आपला वृत्तान्त सभेपुढे ठेविला. मुख्य अधिकारी खटल्यातून सुटला, तरी त्याला त्या जागेवरून दूर करण्यात आले. पुढे १७७४ साली जॉन हॉवर्ड ह्याने कॉमन्स सभेपुढे साक्ष दिली, ती तुरुंगांची अवस्था स्वतः हिंडून पाहिल्यानंतर. स्वतः जाऊन पाहणे, साक्ष घेणे आणि वृत्तान्त छापून जाहीर करणे ही समितीची तीन साधने त्या काळापासून चालत आली आहेत.

हिंदुस्थानात मात्र ही परंपरा वेगळ्या मार्गाने आली. १८३६ साली तुरुंगांच्या शिस्तीविषयी एक समिती नेमली गेली, तीत मेकॉले हा एक सभासद होता. त्यानंतरही अनेक समित्या झाल्या, आणि १८९४ साली तुरुंगांचा कायदा झाला. १९१९-२० मध्ये सर अलेक्झांडर कार्ड्यू ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कैद्याला सुधारून समाजात परत आणणे हे तुरुंगाचे ध्येय असले पाहिजे असे प्रथमच स्पष्टपणे मांडले. परंतु ह्या साऱ्या समित्या सरकारने नेमलेल्या होत्या. सरकार नेमते, सरकारला अहवाल मिळतो, आणि तो स्वीकारावयाचा की फडताळात ठेवावयाचा हेही सरकारच ठरविते. स्वातंत्र्यानंतर १९८० ते १९८३ ह्या काळात काम करणारी न्यायमूर्ती मुल्ला ह्यांची समिती फार मोलाची होती, पण तीही ह्याच जातीची. विधिमंडळाची समिती हिच्याहून भिन्न असते. तिचे सभासद निवडून आलेले असतात, त्यांत विरोधी पक्षाचेही असतात, आणि तिला उत्तर देणे सरकारला चुकत नाही.

आता आपल्या राज्यघटनेतील एक महत्त्वाची तरतूद पाहावयाची आहे, कारण ती न समजल्यास पुढील सर्व गोष्टींत गोंधळ होतो. १९३५ च्या कायद्याने तुरुंग हा विषय प्रांतांकडे दिला होता. १९५० च्या घटनेनेही तो राज्यसूचीतच, चौथ्या क्रमांकावर, ठेविला. म्हणजे ठाण्याचा किंवा कल्याणचा तुरुंग दिल्लीच्या सरकारचा नाही. तो महाराष्ट्र शासनाच्या गृहखात्याचा आहे. शिपाई नेमणे, बराक बांधणे व भत्ता ठरविणे ही राज्याची कामे होत. तरीही संसदेचा संबंध तुटत नाही. फौजदारी कायदा व त्याची कार्यपद्धती संसद करते; तुरुंगांच्या सुधारणेसाठी केंद्र पैसा देते; आणि राज्यांपुढे नमुना म्हणून नियमावलीही तयार करते. २००२-०३ साली सुरू झालेल्या तुरुंग आधुनिकीकरणाच्या योजनेत १८०० कोटी रुपयांचा खर्च योजिला होता, व त्यात केंद्राचा वाटा शेकडा ७५ होता. जेथे केंद्राचा पैसा जातो तेथे त्याचा हिशेब विचारण्याचा हक्क संसदेला पोहोचतो.

हा हक्क बजावणारी मुख्य समिती म्हणजे गृहखात्याशी निगडित स्थायी समिती. १९९३ साली संसदेने निरनिराळ्या खात्यांसाठी अशा १७ समित्या स्थापन केल्या. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येकीत ३१ सभासद असतात, लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १०. मंत्र्याला सभासद होता येत नाही, कारण ज्याच्या कारभाराची तपासणी करावयाची त्यानेच तपासनीस व्हावे हे न्यायाला धरून नाही. गृहखात्याची समिती राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत काम करते.

तिची रीत अशी असते. समिती एखादा विषय निवडते. खात्याकडून लेखी माहिती मागविते. नंतर सचिवांस व इतर अधिकाऱ्यांस बोलावून त्यांची साक्ष घेते. जाणकारांची व संस्थांची मतेही ऐकते. सभासद निरनिराळ्या ठिकाणी जाऊन पाहणी करतात. ह्या बैठका बंद दारांआड चालतात. वर्तमानपत्रांचे प्रतिनिधी समोर नसल्याने पक्षाभिनिवेश कमी होतो, व एरवी सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे सभासद येथे एका मसुद्यावर एकत्र येतात, असा अनुभव आहे. शेवटी अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेविला जातो व तो सर्वांना वाचावयास मोकळा होतो. परंतु काम येथे संपत नाही. अहवालातील प्रत्येक शिफारशीवर काय केले, हे खात्याला साधारणपणे तीन महिन्यांत कळवावे लागते. कोणती शिफारस मान्य केली, कोणती केली नाही व का केली नाही, हे तपासून समिती दुसरा अहवाल काढते. पहिल्या अहवालाची चर्चा होते, दुसरा सहसा कोणी वाचीत नाही. पण खरी देखरेख ह्या दुसऱ्या अहवालातच असते.

ह्या समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये तुरुंगांची परिस्थिती, सोयी व सुधारणा ह्या विषयावर आपला २४५ वा अहवाल सादर केला. त्या वेळी श्री. ब्रिजलाल हे अध्यक्ष होते. गर्दीच्या तुरुंगातून मोकळ्या जागा असलेल्या तुरुंगात बंदी हलवावेत, जामिनावर सुटणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी त्यांच्या संमतीने विजेरी कडे वापरण्याचा विचार व्हावा, अशा सूचना त्यात होत्या. आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांचाही प्रश्न त्यात आला. नियमाप्रमाणे असे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहते. समितीने तुरुंगात जन्मलेल्या मुलांसाठी ही मर्यादा बारा वर्षांपर्यंत नेण्याचे सुचविले. ह्या सूचनेविषयी दोन मते होऊ शकतात. आईवेगळे होणे वाईट, आणि तुरुंगात वाढणे हेही वाईट. परंतु देशाच्या संसदेतील ३१ सभासदांना अशा एका मुलाचा विचार करावा लागला, ही गोष्ट लहान नव्हे. ह्यापूर्वी डिसेंबर २०१७ मध्ये महिला सबलीकरणाच्या संसदीय समितीनेही अटकेतील स्त्रिया व त्यांना मिळणारा न्याय ह्या विषयावर स्वतंत्र अहवाल दिला होता.

दुसरी वाट मुंबईच्या विधानभवनातून जाते, आणि तुरुंग राज्याचा विषय असल्यामुळे ती अधिक जवळची आहे. महाराष्ट्र विधानमंडळात लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती, विनंती अर्ज समिती, महिला व बालकांचे हक्क व कल्याण समिती अशा अनेक समित्या आहेत. ह्यांपैकी कोणतीही केवळ तुरुंगांसाठी नाही. पण प्रत्येकीच्या कामाचा एकेक कोपरा तुरुंगात पोहोचतो. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्याच्या खर्चाची तपासणी करून अहवाल देतात. घटनेच्या १५१ व्या अनुच्छेदाप्रमाणे तो विधानमंडळापुढे येतो, व लोकलेखा समिती त्यावर अधिकाऱ्यांस प्रश्न विचारते. बराकीसाठी मंजूर झालेला पैसा खर्च का झाला नाही, असा प्रश्न येथे निघू शकतो. आश्वासन समितीचे काम ह्याहूनही साधे व उपयुक्त आहे. एखाद्या आमदाराने कल्याणच्या तुरुंगातील गर्दीविषयी सभागृहात प्रश्न विचारला, आणि मंत्र्यांनी उपाय करू असे उत्तर दिले, तर ते उत्तर आश्वासन म्हणून नोंदले जाते. अधिवेशन संपले, मंत्री बदलले, तरी नोंद राहते. ते पुरे झाले काय, हे समिती विचारीत राहते.

आता ह्या देखरेखीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. समितीला हुकूम देण्याचा अधिकार नाही. तिच्या शिफारशी सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात. खात्याच्या दैनंदिन कारभारात संसदेच्या स्थायी समितीने लक्ष घालू नये असा नियमच आहे. कोण्या एका बंद्याला सोडावे की ठेवावे, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, समितीचे नव्हे. म्हणून वर कल्पिलेल्या हमालाने समितीकडे अर्ज धाडला तरी ती त्याच्या कोठडीचे कुलूप उघडू शकत नाही.

ह्याहून मोठी मर्यादा अशी की समितीला बहुधा तेच दिसते जे तिला दाखविले जाते. भेटीचा दिवस आधी ठरलेला असला तर त्या दिवशी फरशी धुतलेली असते. ह्याचे एक बोलके उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयात सापडते. निरनिराळ्या राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत बंद्यांना जातीवरून कामे वाटून देणारी कलमे होती. झाडण्याचे काम अमुक जातीला, स्वयंपाकाचे तमुक जातीला. ही कलमे छापील पुस्तकांत उघड होती. अनेक समित्या आल्या व गेल्या, तरी ती टिकून राहिली. शेवटी एका पत्रकार स्त्रीने ती प्रकाशात आणून याचिका केली, तेव्हा न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. समितीला बाहेरून माहिती पुरविणारा कोणी नसेल तर तिची दृष्टी किती आखूड राहते, हे ह्यावरून दिसते.

माहिती पुरविण्याची एक जुनी व्यवस्था आपल्या कायद्यात आहे. तुरुंगांना अभ्यागत नेमावेत, अशी तरतूद १८९४ च्या कायद्यातच होती. जिल्हाधिकारी व जिल्हा न्यायाधीश हे पदसिद्ध अभ्यागत, आणि त्यांच्या जोडीला गावातील काही अशासकीय अभ्यागत. त्यांनी तुरुंगात जावे, अन्न चाखून पाहावे, बंद्यांशी बोलावे व नोंदवहीत आपला शेरा लिहावा अशी अपेक्षा असते. ब्रिटनमध्ये ह्याच हेतूने दोन पक्क्या व्यवस्था आहेत. प्रत्येक तुरुंगाला स्थानिक नागरिकांचे स्वतंत्र मंडळ असते. शिवाय एक मुख्य निरीक्षक असतो व तो आगाऊ सूचना न देताही तपासणीस जातो. एखाद्या तुरुंगाची स्थिती फारच वाईट दिसली तर तो मंत्र्यांना तातडीची सूचना देतो, आणि मंत्र्यांना २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यावे लागते. ही तातडीची पद्धत २०१७ साली सुरू झाली. निरीक्षकाचा अहवाल हाती असला की पार्लमेंटाच्या समितीचा प्रश्न नेमका होतो. आपल्याकडे अभ्यागताचा शेरा नोंदवहीतच राहिला तर तो समितीपर्यंत पोहोचत नाही, आणि समितीचा प्रश्न मोघम राहतो.

एवढे समजल्यावर आधारवाडीतील त्या हमालाकडे परत वळता येईल. त्याच्यासारख्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली गरीब कैद्यांना साहाय्य करणारी योजना काढली. तिच्या मूळ रूपात जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत व दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची सोय होती. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावयाचे, आणि जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक इत्यादींच्या जिल्हा समितीने निर्णय घ्यावयाचा, अशी तिची रचना होती. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला सोडावयास हवे. चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे. म्हणजे ही मुदत एक वर्षाची झाली.

ही सर्व सोय कागदावर आहे. ती त्या हमालापर्यंत पोहोचते की नाही हे एका साध्या प्रश्नावर अवलंबून आहे: आठव्या दिवशी तुरुंगातून ते पत्र गेले काय? समितीचे सामर्थ्य अशाच प्रश्नांत आहे. योजनेला किती कोटी दिले, हे विचारले तर एक आकडा मिळतो. ठाणे जिल्ह्यातून अशी किती पत्रे गेली, किती अर्ज मंजूर झाले, व त्यानंतर किती जण किती दिवसांनी दाराबाहेर पडले, हे विचारले तर उत्तर तयार करण्यासाठी मंत्रालयाला ठाण्यास लिहावे लागते, ठाण्याच्या अधिकाऱ्याला नोंदी उघडाव्या लागतात, आणि नोंदी उघडताना विसरलेला मनुष्य सापडतो. समितीला कुलूप उघडता येत नसले तरी किल्ली कोणाकडे आहे व ती का फिरली नाही, हे तिला विचारता येते.

एके काळी तुरुंगातील माणसाला स्वतःचा आवाज होता. विनोबांनी गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या काळी पुष्कळ मराठी घरांतून कोणी ना कोणी तुरुंग पाहून आलेला असे, आणि तेथील भाकरीची कथा माजघरात सांगितली जाई. आज आत असलेला बहुतेक वर्ग निर्धन आहे. त्याच्या हाती लेखणी नाही व त्याच्या बाजूने बोलणारे शेजारीही थोडे आहेत. त्याच्याऐवजी विचारावयाचे काम समितीचे आहे.

परंतु समितीचे सभासद कोठून तरी निवडून आलेले असतात. ठाण्याचा व कल्याणचा मतदार त्यांना पाणी, लोकल गाड्या व रस्ते ह्यांविषयी विचारतो आणि ते योग्यच आहे. त्याच सभेत कोणी आधारवाडीच्या बराकीविषयी एक प्रश्न विचारला, अहवालाला सरकारने काय उत्तर दिले ह्याची चौकशी केली, तर तो प्रश्न प्रतिनिधीबरोबर समितीच्या खोलीत जातो. तो तेथे विचारला जाईपर्यंत, जामीन झालेला मनुष्य ज्या बराकीत निजतो तेथे एका जागेवर तिघेच निजत राहणार.